घाईचा फोन

आमच्या भागात माणूस गेला तर तो गेला असं फोनवर कुणी सांगत नाही. 'तब्येत जरा जास्त झालीय, लगेच निघा,' एवढंच सांगतात. हल्ली त्याला 'सिरियस हाय' म्हणतात. ऐकणाऱ्यानंही फार खोदून विचारायचं नसतं. असेल त्या लुगड्यानिशी निघायचं, एसटीत खिडकीला डोकं टेकून बसायचं, आणि फाट्यावर उतरल्यावर पारापाशी माणसं गप उभी दिसली की काय ते समजायचं. लांबून येणाऱ्या लेकीला किंवा बहिणीला वाटेत काही होऊ नये, तेवढा रस्ता तरी तिनं आशेवर काढावा, म्हणून ही रीत. लहानपणी आईबरोबर मी असे प्रवास केलेत. ती रस्ताभर म्हणायची, "बरं वाटंल त्यास्नी. दवाखान्यात न्हेलं आसंल." आणि तिच्या पिशवीत कुंकवाची पुडी नसायची. एरवी माहेराला जाताना ती कुंकवाशिवाय निघत नसे. म्हणजे तिला कळलेलं असायचं, आणि तरी ती तसं बोलायची.

हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात या रीतीचा हात आहे आणि माझ्या शिकवण्याचाही आहे.

आमचं गाव परंडा तालुक्यातलं. घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी बघितलेलं नव्हतं. मी बी.ए. झाले. हे मी सांगते तेव्हा काही लोकांना वाटतं, ही मिरवते. मिरवतेच. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसांच्या घरातली पोरगी पदवीचा कागद घेऊन आली, तर तिनं तो पेटीत घालून ठेवायचा काय? वडील मी शाळेत असतानाच वारले. पुढं मला बार्शीच्या कॉलेजात घालायला माझा मामा आला. आईचा धाकटा, एकुलता भाऊ. येडशीच्या पुढं, रामलिंगाच्या डोंगराकडं त्याचं गाव. कॉलेजच्या फाटकाच्या आत यायला तो तयार होईना. "माझ्या अंगाला मेंढराचा वास येतुय, तू जा," म्हणाला आणि माझा प्रवेश होईपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिला. बाहेर आले तेव्हा त्यानं विचारलं, "झालं का भरती?" जशी काही मी पलटणीत चालले होते.

पदवी झाल्यावर मला एका संस्थेत काम मिळालं. गावोगावच्या बायकांना मोबाइल वापरायला शिकवायचा आणि फसवणुकीपासून सावध करायचं. आमचं प्रशिक्षण धाराशिवला झालं. तिथं एक पुस्तिका दिली. तिच्यात लिहिलं होतं, 'अनोळखी व्यक्तीस आपली संवेदनशील माहिती पुरवू नये.' मी ते गावात पहिल्या दिवशी वाचून दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "पुरवू कशाला? आमाला तरी कुठं पुरतंय." मी पुस्तिका मिटली आणि माझ्या पद्धतीनं शिकवायला लागले.

आमच्या गावात वर्ग भरायचा समाजमंदिरात, दुपारचा. बायका खुरपणीहून, शेरडं बांधून यायच्या. बहुतेकींच्या हातात पोरानं वापरून टाकलेला, काच तडकलेला फोन. निम्म्यांना अक्षर येत नव्हतं. त्यांच्यासाठी मी नंबराला फोटो लावून द्यायचे. लेकाचा फोन आला की लेकाचं तोंड दिसणार, डॉक्टरचा आला की दवाखान्याची पाटी. ही युक्ती मी आधी आईवर करून बघितली होती. तिच्या फोनमध्ये माझा फोटो, मामाचा, मामाच्या लेकाचा. मामाचा फोटो मी भाऊबीजेला काढलेला: डोक्याला पटका, हातात एडक्याचं शिंग धरलेलं. संध्याकाळी फोन वाजला की आई म्हणायची, "एडकंवाला आला." मग अर्धा तास दोघं मेंढरांचं बोलायची. कोणती व्याली, कोणती लंगडती. आईनं मेंढरं सोडून कितीतरी वर्षं झाली होती, पण मामाचं प्रत्येक जनावर तिला तोंडपाठ होतं.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनीला त्याच्या आधीच्या वर्षी फोन आला होता. पुण्याला कामाला असलेला तुमचा मुलगा अपघातात सापडलाय, ऑपरेशनला पैसे टाका, डॉक्टर थांबलेत. तिनं होतं नव्हतं ते टाकलं. मुलगा तिकडं डबा खात बसला होता. पैसे गेले ते गेलेच, पण ती बाई त्यानंतर कितीतरी दिवस मान वर करून चालली नाही. नवऱ्यानं रोज जेवताना तेच काढलं. म्हणून मी बायकांना एक वाक्य करून दिलं: घाई करणारा फोन खोटा. समोरचा घाई करायला लागला, भ्या दाखवायला लागला, तर फोन ठेवायचा. मग आपल्याजवळ जो खरा नंबर आहे, फोटोचा, त्याच्यावर आपण लावायचा. पुन्हा आला तर त्याला अडवून टाकायचा. फोनमध्ये गोल आणि त्याच्यावर तिरपी रेघ अशी खूण असते, ती कुठं असते ते मी प्रत्येकीकडून करून घेतलं.

नुसतं सांगून डोक्यात राहत नाही, म्हणून आम्ही सोंग करायचो. एक बाई भिंतीआड जाऊन चोर व्हायची आणि आतल्या बाईला फोन लावायची. माझ्या आईला चोर धरायची भारी हौस. एकदा भिंतीआडची बाई आवाज जाड करून म्हणाली, "हॅलो, मी सोलापूरच्या दवाखान्यातनं बोलायलोय. तुमचा नवरा लई सिरियस हाय."

आई शांतपणे म्हणाली, "माझा नवरा मरून लई वर्षं झाली, बाबा. आता आनी किती सिरियस हुईल?"

सगळं समाजमंदिर हसून लोळलं. भिंतीआडची चोर पण फोन टाकून आत आली. "मास्तरीणबाईच्या आईला कोण फसवंल," म्हणाली. आईनं पदर सावरला. तिला ते 'मास्तरीणबाईची आई' फार आवडायचं.

मामाला ती हे सगळं सांगायची. मामा त्याच्याकडं पारावर सांगायचा, "माझी भाची फोनचं कॉलेज चालवती."

तो दिवस उन्हाळ्यातला. मी दुसऱ्या गावाला वर्ग घ्यायला गेले होते. आई घरी होती. सकाळची भाकरी झाली होती, ती दारात बसून गवऱ्या उलट्या करत होती. फोन वाजला. त्यावर तोंड नव्हतं, नुसते आकडे. तिनं घेतला. पुढचं सगळं मला तिच्याकडून कळलं आहे आणि थोडं तिकडच्या माणसांकडून. दोन्हीकडचं जुळतं.

एक पुरुष बोलत होता. "आक्का, तुमच्या भावाची तब्येत लई जास्त झालीय. तुमी लगीच निघा."

"कोण बोलायलंय?"

"म्या शेजारचा. निघा तुमी, येळ लावू नका."

आईनं शिकवल्याप्रमाणं केलं. "भावाकडं द्या फोन."

"त्यांला बोलाय येईना, आक्का."

"मग कोणत्या दवाखान्यात हाय?"

"दवाखान्यात न्हाय. घरीच हायती."

"लई जास्त झालंय आन घरीच? का वो?"

पलीकडचा माणूस अडखळला. काय सांगणार होता तो? मामा पहाटे मेंढरं सोडायला रानातल्या मेंढवाड्यावर गेला होता आणि तिथंच पडला होता. उचलून घरी आणला तेव्हाच तो संपलेला होता. अंगणात घोंगडीवर ठेवलेला होता आणि हा माणूस त्याच्या शेजारी बसून फोन करत होता. गेले म्हणून सांगायचं नाही ही रीत, आणि आई विचारत होती त्याला दुसरं उत्तर नव्हतं. तो पुन्हा म्हणाला, "तुमी निघा बघा आक्का, घाई करा."

घाई करा म्हटल्यावर आईची खात्रीच पटली.

"घाई कुणाची, तुझी का माझी?" ती म्हणाली. "लबाडा, तुला आईबाप हायती का न्हाय? लोकांच्या भावाच्या जिवावर पोट भरतोस? माझी लेक हेच शिकवती गावाला. तुज्यासारखे लई बघितले. ठीव." आणि तिनं फोन ठेवला. त्यानं पुन्हा लावला. तिनं पुन्हा शिव्या दिल्या, आणि गोलावरची तिरपी रेघ शोधून त्याला अडवून टाकला.

एवढ्यावर ती थांबली नाही, हे मला लोकांना सांगावंसं वाटतं. तिनं मामाचा फोटो दाबून मामाला फोन लावला. खरा नंबर. रिंग गेली. पूर्ण वाजून बंद झाली. तिनं पुन्हा लावला, पुन्हा रिंग गेली. मामा मेंढरामागं असला की फोन उचलत नसे, त्याची बंडी बाभळीला टांगलेली असायची आणि फोन बंडीत. आईनं मनाशी म्हटलं, रिंग जातीय म्हणजे बरं आहे. गडी मेंढराकडं आहे. आणि ती पुन्हा गवऱ्यांना लागली.

फोन खरोखरच बाभळीला टांगलेल्या बंडीत वाजत होता. वाड्यावर त्या वेळी मेंढरं तेवढी होती.

मामी आधीच वारलेली. घरात होती ती मामाची सून, आणि तिच्याकडं फोन नव्हता. घरात दोन फोन, एक सासऱ्याचा आणि एक नवऱ्याचा. नवरा, म्हणजे माझा मामेभाऊ, ट्रकवर, पुण्याच्या पलीकडं गेलेला. आईचा नंबर दाराच्या चौकटीवर खडूनं लिहून ठेवलेला होता, तो वाचून शेजाऱ्यानं त्याच्या फोनवरून लावला होता. माझा नंबर चौकटीवर नव्हता. मामेभावालाही त्याच शेजाऱ्यानं 'सिरियस हाय, ये' एवढंच सांगितलं होतं; आक्का फोन घेईनात हे वाटेत त्याच्या कानावर घातलं नव्हतं. तो ट्रक मालकाच्या हवाली करून मिळेल त्या गाडीनं येत होता.

गल्लीत आईनं त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. पाण्याला गेली तिथं सांगितलं, गिरणीवर सांगितलं. पैसे घालवून बसलेली ती वहिनी गिरणीवरच होती. आई तिला म्हणाली, "आज मला बी आला व्हता गं तसलाच. दवाखाना सांगता येईना भाड्याला." वहिनी म्हणाली, "काकू, तुमी वाचलाव. मला त्या येळला कुणी शिकवलं न्हवतं." आईनं मला मात्र फोन केला नाही. मी शिकवत असताना ती कधी करत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर सांगू म्हणाली असेल.

दुपार कलल्यावर तिचा फोन वाजला आणि त्यावर भाच्याचं तोंड होतं. तिला इतकं बरं वाटलं की तिनं त्याला बोलूच दिलं नाही.

"आरं, आज काय गंमत झाली ऐक. एका भामट्यानं मला फोन केला, तुज्या बापाचं नाव घिऊन. म्हणतुय सिरियस हाय. म्या आसा झाडला त्येला..."

ती सांगत राहिली. मग तिला रडणं ऐकू आलं. पुरुषाचं रडणं, तोंड दाबून धरलेलं. त्याच्या मागं बायकांचा आवाज होता. तो आवाज कशाचा असतो हे आमच्याकडच्या बायकांना सांगावं लागत नाही.

तिनं माझा फोटो दाबला. मी फोन घेतला तर ती एवढंच म्हणाली, "बार्शीला ये. म्या निघालेव." मी काय झालं विचारलं. ती म्हणाली, "मामाला जरा जास्त झालंय."

तिनं मला तसंच सांगितलं. रीतीनं. आणि मलाही कळलं.

बार्शीच्या स्टँडवर आम्ही भेटलो. तिच्या अंगावर शेणाचे हात पुसलेलं लुगडं होतं. धाराशिवची गाडी लागली होती, तिच्यात बसलो. ती खिडकीशी. मी तिचा हात धरला तर तिनं धरू दिला, पण तो माझ्या हातात नुसता पडून राहिला. उन्हं कलत होती आणि ती उन्हाकडंच बघत होती. आमच्यात दिवस मावळायच्या आत मयत हलवतात. त्यातून उन्हाळा. पहाटेपासून ठेवलेलं. मामेभावानं सांगितलं होतं की थांबवतो, पण गावातली जुनी माणसं किती थांबणार.

येडशीच्या अलीकडं ती एकदाच बोलली. "म्या त्येला लबाड म्हणलं."

आम्हाला पोचायला उशीर झाला. माणसं ओढ्यावर आंघोळ करून ओल्या अंगानं परत येत होती. ती समोरून येताना दिसली आणि आई रस्त्यातच बसली.

आमच्यात जाणाऱ्या भावाच्या तोंडात बहीण पदराचं टोक भिजवून पाणी सोडते. मामाला आईनं कडेवर घेऊन मेंढरं वळली होती. तिची आई बाळंतपणात गेलेली, मामा तेव्हा तान्हा. त्याला दुधाचं बोळं तिनंच धरलं होतं, ती स्वतः परकरातली असताना. त्याच्या तोंडात शेवटचं पाणी सोडायला ती नव्हती. सुनेनं सोडलं. सून मला नंतर म्हणाली, "ताई, मी आत्याबाईचं नाव घेऊन सोडलं." तिनं हे सांगितलं याचं मला बरं वाटलं. आईला ते तिनं सांगितलं का नाही, मी विचारलं नाही.

अंगणात तो फोन करणारा माणूस बसला होता. मामाच्या वयाचा, शेजारचा. आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तो उठला.

"आक्का, माझ्या जिभंवर येईना," तो म्हणाला. "गेलं म्हणून कसं सांगायचं, तुमी एवढ्या लांब, एकल्या."

आई म्हणाली, "म्या लई वंगाळ बोलले तुमास्नी."

"बोललाव," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर मधेच हसू येऊन गेलं. "समद्या अंगणानं ऐकलं. सुनंला ऐकू जावं म्हणून म्या फोन मोठ्या आवाजावर ठिवला व्हता."

म्हणजे आईच्या त्या शिव्या मामाच्या उशाशी वाजल्या होत्या. घोंगडीवर मामा, भोवती फोनवर ऐकू जाऊ नये म्हणून तोंडाला पदर लावलेल्या बायका, आणि मध्ये माझ्या आईचा आवाज: लोकांच्या भावाच्या जिवावर पोट भरतोस. हे ऐकून आई खाली बसली. तेव्हा कोपऱ्यातली एक म्हातारी, मामाची चुलती, म्हणाली, "रडू नगं. भावाच्या कानावर भणीचा आवाज तर गेला. कसा का आसंना."

आई तेव्हा रडली. त्याच्या आधी ती रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाड्यावरून मामाची बंडी आणली. फोनमध्ये आईचे न घेतलेले फोन होते. फोटो मीच लावलेला, भाऊबीजेचाच. ताटात दिवा आणि आई कुणाकडं तरी बघून हसतेय. मामाला अक्षर येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा आईनं पदर भिजवून तो राखेवर पिळला. कुणी अडवलं नाही.

तिथं असेपर्यंत बायका माझ्याकडं बघून बोलायच्या. एकजण ऐकू जाईल असं म्हणाली, "लई शिकलं की आसं हुतं. भावाचा फोन बी खोटा वाटाय लागतुय." मी तिला म्हटलं, "मावशी, आमच्या गावात एकीचं घर धुऊन गेलं असाच फोन खरा मानून." ती म्हणाली, "ते पैशाचं झालं. ही भावाची माती व्हती." मी शिकवलं ते चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही. त्या माणसानं केलं तेही चूक नव्हतं. माझ्या आईनं तर शिकवल्यातलं एक अक्षर सोडलं नव्हतं. कुणाचं चुकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मग कुणावर तरी रागावता आलं असतं, अगदी स्वतःवरसुद्धा.

घरी आल्यावर आईनं तो अडवलेला नंबर माझ्याकडून मोकळा करून घेतला आणि त्याला फोटो लावायला सांगितला. त्या माणसाचा फोटो माझ्याकडं नव्हता. मामेभावाकडून मागवला. मामाचा फोटोही तिनं फोनमधून काढून टाकू दिला नाही. आता संध्याकाळी तिचा फोन वाजत नाही. ती तो जवळ घेऊन बसते एवढंच.

वर्ग पुन्हा सुरू केला तेव्हा मला वाटलं होतं, आई येणार नाही. ती आली आणि पुढं बसली. मी घाई करणाऱ्या फोनचं सोंग त्या दिवशी घेतलं नाही, दुसरंच काही शिकवत होते. तिनं मध्येच विचारलं, "मयताचा फोन कसा वळखायचा?"

मी पुस्तिका उघडलीसुद्धा. तिच्यात असं काही नाही हे मला माहीत होतं.

ती पैसे गेलेली वहिनी म्हणाली, "घरातल्या बाईचा स्वतःचा फोन पायजे. काकूंच्या माहेरच्या सुनंकडं आसता तर तिचंच तोंड दिसलं आसतं."

"कोण देतंय सुनंला फोन," दुसरी म्हणाली. "माझ्या सासूला म्हणलं तर ती म्हणती, तुजं कोण हाय फोन करायला?"

"तुजी सासू व्हय? ती तर टीव्हीचा रिमोट बी उशाला घिऊन झोपती."

थोडं हसू झालं. मग एकीनं सुचवलं की घरातल्या घरात खूण ठरवावी, परक्याला माहीत नसलेली. शेरडाचं नाव, नाहीतर पाळण्यातलं. फोन करणाऱ्यानं आधी ते सांगायचं. मला ते पटलं. मी ते तेव्हापासून सगळ्या गावांत शिकवते. बायका खुणा ठरवतात आणि एकमेकींपासून लपवतात.

पण आईचं समाधान झालं नव्हतं. ती म्हणाली, "खूण कशाला? गेलं तर गेलं म्हणावं."

"आसं कसं तोंडानं म्हणायचं, काकू," वहिनी म्हणाली. "ऐकणारीचं काळीज फुटंल."

"फुटू द्या. घरी पोचंल तरी ती," आई म्हणाली.

कुणालाच ते आवडलं नाही. मला पण आवडलं नाही, खरं सांगायचं तर. आईला दुखलंय म्हणून ती बोलतेय, असं मी समजले.

नंतर दिवाळीच्या आधी आमच्या गल्लीतली एक म्हातारी सकाळी चहा घेता घेता गेली. तिची लेक तेरखेड्याला दिलेली. दिवाळी तोंडावर, त्यामुळं ती फटाक्याच्या कारखान्यात दिवसभर कामाला. म्हातारीचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, त्याला काही सुधरत नव्हतं. गल्लीतला एकजण स्वतःच्या फोनवरून लेकीला लावत होता. मी आणि आई तिथंच होतो. "तुज्या आईची तब्येत जरा..." एवढं तो म्हणाला आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला, तिनं पुन्हा तोडला. "घेईना बाई," तो म्हणाला. "कोण बोलतंय म्हणती आन तोडती."

आईनं स्वतःचा फोन काढला. मला म्हणाली, "तिचा लंबर लाव ह्याच्यात." मी लावला आणि तिच्या हातात दिला. पलीकडून लेकीचा आवाज आला, चिडलेला.

"म्या बोलायलेव. मास्तरीणबाईची आई," आई म्हणाली. "तू माझ्या तांबड्या शेळीचं दूध पीत व्हतीस, ती मी. ऐक बाळ, बसली आसशील तर बसूनच ऐक. तुजी आई गेली. आता सकाळी गेली. तरास न्हाय झाला. तू आल्याबिगर आमी तिला हलवत न्हाय."

दारातल्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारा "आरारा" म्हणून तोंड फिरवून बाहेर गेला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आईनं हे काय केलं. मग फोनमधून रडणं सुरू झालं. कारखान्यातल्या इतर बायकांचे आवाज आले, कुणीतरी पाणी आणा म्हणत होतं.

आईनं फोन ठेवला नाही. ती उंबऱ्यात खाली बसली, भिंतीला टेकली आणि तो कानाशी धरून राहिली.

"म्या हाय," ती मधूनमधून म्हणत होती. "ठिवत न्हाय मी. रड तू. एसटीला येळ हाय अजून."